देवळाली कॅम्प, तीन कॅमेरे

लग्नाच्या शूटिंगची सवय, म्हणून आल्या आल्या विचारलं,
स्टेज कुठाय, लाईट किती लावू?
खोर्शेदबाई म्हणाल्या, लाईट नको, पियानो तापतो.
सॅनेटोरियमचा हॉल, लाल फरशी, उंच छताला एकच पंखा.
तोही बंद. पानं उडतात.

व्हायोलिनला सॅम्युएल त्रिभुवन, शरणपूरचे,
पाणीपट्टी खात्यातून निवृत्त.
हनुवटीखाली चौकोनी घडीचा रुमाल,
खिशाला अजून ऑफिसचं पेन.
पानं उलटायला रूथ, अकरावीतली,
जिला बाईंनी नुसती मान हलवून
उठ म्हणायचं, बस म्हणायचं.

मी विचारलं, ह्यात मेन कोण? क्लोज कुणाचा घेऊ?
दोघं असे हसले, जसं मी मांडवात येऊन
लग्न नक्की कुणाचं, असं विचारलं असावं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कुणा परक्या माणसाचं दुःख आहे म्हणे.
मला दुःखबिख कळलं नाही.
मला दिसलं, कुणीतरी सायकल हातात धरून
गोदेच्या पुलावरून चाललंय,
बसायचं विसरून.
आणि त्याच्या शेजारून पियानो,
कधी अर्धं पाऊल पुढे, कधी मुद्दाम मागे,
काही न विचारता.

दुसऱ्या भागात, जिथं सगळं जवळजवळ थांबतं,
रेंजवर तोफ उडाली.
काचा थरथरल्या, दोन नंबरचा कॅमेरा हलला.
बाई म्हणाल्या, अरे हो, बुधवार. फायरिंग असते.
परत घेतलं. परत तोफ.
तिसऱ्यांदा तर अगदी तालात आली,
रूथला हसू आवरेना, पान दोन-दोन उलटलं.
सॅम्युएलकाका गज खाली धरून उभे,
खाली बघत, नळ कधी येईल त्याची वाट बघावी तसे.

शेवटी मी म्हणालो, एक मिनिट कुणी हलू नका,
मला नुसता हॉल रेकॉर्ड करायचाय.
चौघं गप्प बसलो.
खुर्ची एकदा करकरली. बाहेर तांबट पक्षी
टुक टुक करत राहिला. बाईंच्या बांगडीनं
एकदा पियानोच्या लाकडाला हात लावला.

मग पंचवटीत, माझ्या गाळ्यात, रात्री दोन वाजता
त्या रिकाम्या मिनिटाचे तुकडे करून
मी तोफांवर एक एक ठिगळ लावलं.
हात बसला होता, म्हणून पुढे गेलो,
काकांचे श्वासही काढले.
दर सुरुवातीला नाकातून ओढलेला,
जिना चढल्यासारखा. एकूण एकतीस.
सगळं कसं स्वच्छ झालं. आरशासारखं.

बाईंनी फोन लांब धरून बघितलं.
मग चष्मा बदलून बघितलं.
डिकरा, सॅम्युएलचा श्वास कुठे गेला?
मी म्हणालो, आवाज येत होता, काढला.
त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, मी त्याच्याकडे बघत नाही, ऐकते.
आता माझे हात बघ,
कुणी बोलावलं नसताना आल्यासारखे दिसतात.

एकतीस श्वास परत लावले.
तोफांचं बाई काही बोलल्या नव्हत्या.
एक ठेवली. लांबची.

त्यानंतर एकदा, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा,
जुनी हार्ड डिस्क काढली. ओझरचं लग्न, सात वर्षांपूर्वीचं.
अंतरपाट खाली येतो तिथं मी सनई टाकली होती,
वर फुलं, स्लो मोशन, दोन गाणी.
सनई बंद केली. गाणी बंद केली.
नुसता मांडव ऐकत बसलो.
कुणी खोकलं. कुणाचं पोर पाणी मागत होतं.
आणि नवरी, खाली मान घालून, हळू आवाजात,
बहुतेक करवलीला:
दादा आला का गं?

उत्तर रेकॉर्ड झालेलं नाही.
पुढे अक्षतांचा आवाज आहे.